आमच्याकडचा आखूड पायांचा जर्मन

डॅशहुंड फ्लॅटमध्ये पाळायला उत्तम कुत्रा, असं जो तो सांगतो. आकाराने लहान, केस आखूड, फिरायला मोठं अंगण लागत नाही, माणसाला जीव लावतो. मागच्या महिन्यात पुण्याहून भाचीचा फोन आला तेव्हा तीही हेच पाठ म्हणून दाखवत होती. "मावशी, तुझ्याकडे होता ना दुबईत? घेऊ ना मी?" मी म्हटलं, घे की, पण आधी एकदा स्वतःकडे नीट बघ. तिला वाटलं, मावशी म्हातारपणी कोड्यात बोलायला लागली. फोनवर सांगण्याइतकी ती गोष्ट छोटी नव्हती, म्हणून इथे लिहिते आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही बर दुबईत, मनखूलला, एका जुन्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर राहायचो. ह्यांचा एअर कंडिशनिंगच्या डक्टिंगची कंत्राटं घेण्याचा धंदा. एका साइटवर एक जर्मन इंजिनियर होता. काम संपलं, त्याची पुढची नेमणूक अशा ठिकाणी झाली की तिथे कुत्रा नेता येईना. त्याने साइटवरच्या सगळ्यांना विचारलं. ह्यांच्या तोंडून क्लायंटसमोर 'नाही' हा शब्द आयुष्यात कधी निघालेला नाही. त्या संध्याकाळी हे घरी आले ते काखेत एक लांबुळकं, तपकिरी, लोंबत्या कानांचं जनावर घेऊन.

"मला विचारायचं तरी," मी म्हटलं.

"अगं, क्लायंट आहे तो. नाही कसं म्हणणार? जमेल. इन्शाल्ला."

"इन्शाल्ला तुम्ही म्हणायचं आणि शी-शू मी काढायची."

त्याच्याबरोबर टाइप केलेला एक कागद आला होता. मुलगा तेव्हा अकरावीत. त्याने तो मोठ्याने वाचला आणि मला अर्थ सांगितला, तोही इंग्रजीतच. हा शिकारी कुत्रा आहे. बिज्जूसारखं एक जनावर बिळात राहतं, त्याच्या वासावर बिळात घुसून त्याला भिडण्यासाठी जर्मनीत ही जात तयार केली. मी त्या प्राण्याकडे पाहिलं. त्याचं पोट जवळजवळ गालिच्याला टेकत होतं आणि तो माझ्या स्लिपरचा वास घेत होता. "हा शिकार करणार?" मी विचारलं. मुलगा म्हणाला, "मॉम, डोन्ट इन्सल्ट हिम."

कागदावर पुढे सूचना होत्या. दिवसातून दोनदा मापाने खाणं. सोफ्यावरून उडी मारू देऊ नये. जिने चढू-उतरू देऊ नयेत, कारण पाठ लांब आणि पाय आखूड, मणके दुखावतात. उचलताना एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली. बाहेर पट्टा सोडू नये, कारण एकदा नाक जमिनीला लागलं की कान बंद होतात. हट्टी आहे, रागवून उपयोग नाही. घरातलं एकच माणूस आपलं म्हणून निवडतो. आणि शेवटी, खाली रेघ मारून: अंगावर चरबी चढू देऊ नका. तो कागद मी फ्रिजवर चुंबकाने लावला. तिथे तो चार वर्षं होता आणि त्यातली एकूण एक सूचना मी मोडली.

त्याने निवडलेलं माणूस मी होते. घरात दुसरं असायचं कोण? हे सकाळी सहाला निघायचे, अबूधाबीची साइट असली की तीन-तीन दिवस तिकडेच. मुलगा शाळा, ट्यूशन, मित्र. माझ्या पासपोर्टात व्हिसावर 'हाउसवाइफ' असं छापलेलं होतं आणि खाली, नोकरी करण्यास परवानगी नाही. गणपतीत मंडळाचे चार दिवस सोडले तर वर्षभर मी आणि एसीचा आवाज. तो आला आणि घरात माझ्या मागे मागे टकटक टकटक नखं वाजू लागली. मी मोरीत तर तो मोरीच्या दारात. मी पूजेला बसले की शेजारी चटईवर. त्याचं जर्मन नाव घसा खाकरल्यासारखं होतं, माझ्या जिभेला वळेना. हाक तर मारायला हवी, म्हणून मी त्याला 'अहो' म्हणायला लागले. एकदा हे घरी असताना मी स्वयंपाकघरातून "अहो, जरा इकडे या" म्हटलं. कुत्रा धावत आला. ह्यांनी पेपरातून मान वर काढली नाही.

आता माझ्या दोषाकडे येते. माझं माहेर मिरजेचं, आणि पंगतीत आग्रह करण्यात माझ्या आईचा हात धरणारं त्या पेठेत कोणी नव्हतं. आमच्याकडचा नियम असा की पाहुण्याचं पहिलं 'नको' ऐकायचंच नसतं, दुसरं ऐकून हसायचं असतं, आणि तिसऱ्या वेळी त्याने पानावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून जिलबी सरकवायची. "माझी शपथ" हे शस्त्र अगदी शेवटी काढायचं. न वाढता पाहुणा उठू दिला तर ती बाई कसली? हे सगळं मी रक्तात घेऊन दुबईला आले. आणि इथे ह्यांना चाळिशीतच साखर लागली, मोजून एक भाकरी आणि वाटीभर भाजी. मुलगा अर्धी पोळी खाऊन उठायचा. मी दुसरी वाढायला गेले की ताट मागे ओढून म्हणायचा, "मॉम, आय सेड नो. नो मीन्स नो."

त्या कुत्र्याने मात्र एकदाही नको म्हटलं नाही. मी पोळ्या लाटायला बसले की तो पाटाशेजारी बसून वर बघायचा. पहिली पोळी तूप-साखर लावून त्याची. दुपारी आमटीभात, आमटी जरा पातळ करून. चतुर्थीला मोदक. माझा उपवास असला की त्यालाही साबुदाण्याची खिचडी, वर दही. "अहो, अजून एक घ्या, एवढीशी तर आहे," असं मी म्हणायचे आणि तो घ्यायचा. खोटं कशाला सांगू, पंधरा वर्षांत त्या स्वयंपाकघरात मला इतकं समाधान कोणी दिलं नव्हतं.

तो आला त्याचा एक तोटाही झाला. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये रत्नागिरीकडचं एक मुसलमान कुटुंब होतं. नवरा खाडीवरच्या बोटींना सामान पुरवणाऱ्या कंपनीत, घरात चार मुलं. मी तिला भाभी म्हणायचे, ती मला बाय. त्या मजल्यावर मराठीत बोलायला मला तीच एक. पूर्वी ती दुपारची सरळ आत येऊन डायनिंग टेबलाशी बसायची. कुत्रा आल्यावर ती दारात थांबायला लागली. "वाईट वाटून घेऊ नको हां बाय," ती म्हणाली. "जनावर गरीब हाय. पन आमचं वजू-नमाजाचं असतं, त्याची लाळ लागली का मग लय धुवायला लागतं." मग आमच्या गप्पा उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभं राहून व्हायच्या, ती जिन्याच्या बाजूला आणि मी घरात. उभं राहून माणूस किती बोलणार? तासाची दहा मिनिटं झाली.

आणि लिफ्टही बंद झाली. बिल्डिंगचा नातूर, म्हणजे वॉचमन, मलबारी होता. तो म्हणाला, "मॅडम, रखो, छोटा है. लेकिन लिफ्ट में नहीं. नमाज को जानेवाला लोग है." म्हणून मी कुत्र्याला उचलून जिन्याने न्यायचे. फूटपाथ तापायच्या आत सकाळी एकदा आणि दिवेलागणीला, मगरिबच्या बांगेनंतर एकदा. नऊ किलोचा होता तोवर जमलं. तूप-साखरेची पोळी अंगी लागायला लागली तसा मला दम लागायला लागला. मग मी त्याला खाली ठेवलं आणि तो आपल्या पायांनी, पोट प्रत्येक पायरीवर घासत, जिने चढायला लागला. वर पोचला की धापा टाकायचा. मी म्हणायचे, "दमलात ना? चला, काहीतरी देते."

वास घेणारा कुत्रा म्हणजे काय, हे मला मुलगा कॅनडाला शिकायला गेला तेव्हा कळलं. विमानतळावरून आम्ही परत आलो, तर तो मुलाच्या पलंगावर, चादरीखाली शिरून बसला होता. पुढचे तीन आठवडे तो तिथेच झोपायचा. सकाळी उठून खोलीच्या चारी कोपऱ्यांत नाक घालून यायचा आणि पुन्हा चादरीखाली. एक दिवस मला स्वच्छतेचा झटका आला आणि मी ती चादर मशीनला लावली. वाळवून परत घातली. त्याने ती हुंगली, पलंगावरून उतरला आणि पुन्हा कधी त्या खोलीत गेला नाही. तेव्हा मला कळलं की इतक्यात धुवायची नव्हती ती गोष्ट मी धुऊन टाकली. मुलाचा फोन रविवारी यायचा. "ऑल गुड, मॉम. हाउज द डॉग?" तो पहिल्यांदा कुत्र्याचंच विचारायचा.

त्यानंतर माझा हात आणखी सैल सुटला, हे ओघानेच आलं. जनावरांचे डॉक्टर सुदानी होते, उंच, हळू बोलणारे. त्यांनी त्याला काट्यावर ठेवलं आणि काटा चौदावर गेला. त्यांनी त्याच्या पाठीवरून बोट फिरवून मला दाखवलं. "मॅडम, सी, लाँग बॅक. लाइक ब्रिज. मिडल में वेट, ब्रिज ब्रेक. नो चपाती. खलास." मी मान हलवली. घरी येऊन पोळीऐवजी अर्धी पोळी द्यायला लागले. अर्धी पोळी म्हणजे काय पोळी झाली?

सप्टेंबरातली सकाळ होती. आम्ही फिरून आलो. पहिल्या मजल्याच्या वळणावर तो थांबला. मी पट्टा ओढला. तो हलेना. मला वाटलं, सुरू झाला हट्ट. उन्हाने माझं डोकं तापलेलं. मी आणखी जोरात ओढून म्हटलं, "अहो, चला की आता, नाटकं पुरे!" तो असा ओरडला की आजही लिहिताना माझा हात थांबतो. वळून पाहिलं तर पुढचे दोन पाय पायरी चढायला धडपडत होते आणि मागचे दोन ओल्या फडक्यासारखे मागे पडले होते.

मी त्याला उचलून वर आणलं. ह्यांना फोन केला. "मीटिंगमध्ये आहे गं, टॅक्सी कर." आवाज ऐकून समोरचं दार उघडलं. भाभीने माझ्याकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं आणि आतून टीव्हीचं रिकामं खोकं आणलं. रस्त्यावर दोन टॅक्सीवाल्यांनी खोक्यात डोकावून मान हलवली. तिसऱ्याच्या खिडकीशी वाकून भाभीने त्याला पुण्याची आठवण करून दिली. "भाईजान, बीमार जानवर है. ले चलो, सवाब मिलेगा." तो पठाण म्हातारा होता. म्हणाला, "यल्ला, बैठो." भाभी पुढे बसली, मी मागे खोकं मांडीवर घेऊन.

डॉक्टरांनी फोटो काढला. दोन मणक्यांमधली गादी सरकली होती. तसलं ऑपरेशन तेव्हा त्यांच्याकडे होत नव्हतं. त्यांनी चिमट्याने मागच्या पायाचं बोट जोरात दाबलं. खूप वेळाने त्याने मान वळवून पाहिलं. "गुड," डॉक्टर म्हणाले. "लिटल होप." सहा आठवडे पिंजऱ्यात, उभं राहायलासुद्धा नाही. दिवसातून तीनदा पोटाखाली टॉवेल घालून मागचा भाग उचलून बाहेर न्यायचं, तेवढंच. वजन चार किलोने उतरलं पाहिजे. सहा आठवड्यांनी चालला तर ठीक. नाही चालला तर, ते म्हणाले, "मॅडम, देन वी मस्ट बी काइंड टु हिम." कायमचं झोपवायची सुई द्यायची, हे त्यांनी मऊ करून सांगितलं होतं.

पिंजरा हॉलमध्ये ठेवला. स्टीलच्या लहान वाटीने मोजून कोरड्या गोळ्या, सकाळी एक, संध्याकाळी एक. मी स्वयंपाकघरात गेले की जाळीतून दोन डोळे. पोळी भाजल्याचा वास त्याच्यापर्यंत जाऊ नये म्हणून मी पोळ्याच बंद केल्या. घरात बेकरीतले खुबूस यायला लागले. चार दिवसांनी हे म्हणाले, "मला साखर लागली तेव्हा घरातले लाडू बंद झाले नव्हते."

"तुम्ही कधी असं बघितलं होतं माझ्याकडे?" मी म्हटलं. ह्यांनी खुबूसचा तुकडा मोडून भाजीत बुडवला.

तिसऱ्या आठवड्यात वाकून वाकून माझीच कंबर धरली. सकाळी पलंगावरून उठता येईना. हे अबूधाबीला. कुत्रा पिंजऱ्यात कुईकुई करत होता. मी भिंत धरून दारापर्यंत गेले आणि भाभीच्या दाराची बेल वाजवली. हिला काय सांगायचं, हेही ठरवलं नव्हतं. तिने माझं वाकडं अंग पाहिलं, बाह्या वर केल्या आणि चार वर्षांत पहिल्यांदा माझा उंबरा ओलांडला. मी बसून सांगत गेले आणि तिने टॉवेल घातला, त्याला उचलून खाली नेऊन आणलं. परत आली तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत त्याने तिचा हात चाटलेला होता.

"आता?" मी घाबरून विचारलं.

"आता धुवायचा. सात येळा. त्यातला एक येळ मातीनं. आमच्यात असंच हाय." तिने इकडेतिकडे पाहिलं. "हितं माती कुठं मिळायची गो? खाली समदी वाळू, ती पन ट्रकनं आणलेली."

आमच्या गॅलरीत तुळशीची कुंडी होती. त्यातली माती मी मिरजेहून सामानातून आणून भरलेली. सासूबाईंनी पाहिलं असतं तर त्यांना भोवळ आली असती. मग मी मूठभर माती काढून तिच्या तळहातावर ठेवली. ती बेसिनशी उभी राहून मोजत होती आणि मध्येच आम्हा दोघींना हसू फुटलं. ती दिवसातून तीनदा यायला लागली. दहा दिवसांत कुंडी चार बोटं खाली गेली आणि तुळशीची मुळं दिसायला लागली. कंबर दुखत होती, कुत्रा लुळा पडला होता, तरी ते दहा दिवस मी सुखात होते. दुपारी टेबलाशी चहाचे दोन कप असायचे.

मग मी माती खाल्ली. पाचवा आठवडा लागला होता. त्याने दोन दिवस गोळ्यांना तोंड लावलं नाही. पायांत काही हालचाल नाही. तिसऱ्या दिवशी मी कणीक मळली, एक पोळी भाजली, तुपात कुस्करली आणि पिंजऱ्यात सरकवली. त्याने ती घशाखाली ढकलली. मी दुसरी करत होते तेवढ्यात भाभी आत आली.

"डाक्टर काय बोलला होता?"

"दोन दिवस उपाशी आहे तो."

"भूक असती तर गोळ्या खाल्ल्या असत्या त्यानं." ती शांतपणे म्हणाली. "भूक त्याला नाय गो बाय. तुला हाय."

खरं माणसाला झोंबतं. माझ्या हातात लाटणं होतं आणि माझा आवाज चढला. "तुम्हाला बोलायला काय जातं? चार पोरं, भरलेलं घर! माझ्याकडे दिवसभरात हाक मारायला दुसरं कोण आहे?"

तिने टॉवेलची घडी घातली, स्टुलावर ठेवली आणि गेली. त्या दिवशी माती मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मी कंबरेला पट्टा बांधून एकटीने केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी राग उतरला आणि उरली ती लाज. मी समोरची बेल वाजवली. दार उघडलं आणि मला आत रिकामी भिंत दिसली. हॉलमध्ये दोरीने बांधलेली खोकी, गुंडाळलेल्या गाद्या. मुलांचं काहीच नव्हतं, चप्पलसुद्धा नाही.

कंपनीने बोटींचं काम बंद केलं होतं. व्हिसा कॅन्सल. जूनमध्ये सुट्टीला गावी गेलेली चार मुलं परत आलीच नव्हती, त्यांची नावं तिकडच्या शाळेत घातली होती. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. चार महिने समोरच्या घरातून पोराचा आवाज आला नाही आणि मला ते कळलं नाही. आमच्या दाराखालच्या फटीला नाक लावून बसणाऱ्या कुत्र्याला ते पहिल्या आठवड्यातच कळलं असणार. भरलेलं घर म्हणून मी ज्याचा हेवा करत होते त्यात ती माझ्यासारखीच एकटी होती, आणि माझ्या कुत्र्याला उचलून पुन्हा त्याच रिकाम्या घरात जात होती.

"बोलली का नाहीस?" मी तिला पहिल्यांदाच अरेतुरे केलं.

"कधी बोलू? तुझा पेशंट पडलेला."

मला रडू आलं. मी तिची माफी मागितली, अगदी शब्दांत, कारण असल्या गोष्टी समोरच्याने समजून घ्याव्यात यावर माझा विश्वास नाही. ती म्हणाली, "पोळी पुन्यांदा घातलीस?" मी नाही म्हटलं. ते खरं होतं. "मग झालं," ती म्हणाली.

शुक्रवारी ते निघणार होते. तोवर ती पुन्हा तीनदा येत राहिली. शुक्रवारी सकाळी बुरखा घालून, हातात पर्स घेऊन ती पिंजऱ्यासमोर उभी राहिली आणि त्याला म्हणाली, "ऊठ आता मेल्या. बायला किती राबवशील." मला म्हणाली, "उभा रायला का कळव." गावच्या घराचा नंबर तिने माझ्या फोनच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिला. लिफ्टचं दार बंद झालं. मी घरात येऊन वाटीने गोळ्या मोजल्या.

पुढचे आठ दिवस मी त्याच्याशी बोललेसुद्धा नाही फारसं. भीती वाटायची. गोळ्या आता तो निमूटपणे खात होता. वजन साडेदहावर आलं होतं, पाठीचा कणा हाताला लागत होता. टॉवेल सैल सोडला की मागचे पाय जमिनीवर उलटे दुमडायचे. दोनदा मला वाटलं, एक पाय ढकलतोय. ह्यांना दाखवायला गेले तर काही नाही. मी देवापुढे बसून सरळ सौदा करायचे, याला चालतं कर, मी जन्मात त्याला पोळी देणार नाही.

सहा आठवडे शनिवारी पुरे झाले. सकाळी डॉक्टरांकडे जायचं होतं. आज काय ठरणार, ते मला माहीत होतं, ह्यांनाही. हे त्या दिवशी साइटवर गेले नाहीत, ही गोष्ट मी विसरणार नाही. ते गाडी काढायला खाली गेले, नातूरने आपण होऊन लिफ्ट धरून ठेवतो म्हणून सांगितलं होतं. मी पुढचं दार उघडं टाकलं, पिंजऱ्याची कडी काढली आणि आत टॉवेल आणायला गेले.

परत आले तर पिंजरा रिकामा. तो हॉलच्या मधोमध उभा होता, चारी पायांवर. मागचे पाय एकमेकांत अडकत होते, ढुंगण एका बाजूला झोकांड्या खात होतं, पण उभा होता. माझ्या हातातून टॉवेल पडला. मी तिथेच खाली बसले आणि दोन्ही हात पसरले. "अहो," मी म्हटलं, "या. या इकडे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, शेपटी एकदा हलवली आणि नाक जमिनीला लावलं. नाक लागल्यावर कान बंद झाले. माझ्या हाताच्या वीतभर अंतरावरून तो गेला. स्वयंपाकघराचं दार आलं, तिकडे त्याने मानही वळवली नाही. दोन पावलं, मग कोलमडणं, पुन्हा उठणं, पुन्हा दोन पावलं. आमचा उंबरा त्याने पोटावर घसरत ओलांडला. जिन्यासमोरची फरशी ओलांडली आणि समोरच्या बंद दाराशी पोचला. दाराखालच्या फटीत त्याने नाक खुपसलं आणि लांब श्वास घेतला, मग आणखी एक. तिथे एसी बंद होता, दिवा नव्हता, आठ दिवसांपासून आत कोणीही नव्हतं. तो खाली बसला, मागचे पाय एका बाजूला टाकून, आणि दाराकडे बघत राहिला.

खालून ह्यांचा हॉर्न वाजत होता. नातूर आमच्याच मजल्यावर लिफ्टचं दार धरून म्हणत होता, "मॅडम, चलता है! मॅडम, देखो, चलता है!" ह्यांना बातमी सांगायला हवी होती, डॉक्टरांना फोन करायला हवा होता, रत्नागिरीला कळवायला हवं होतं. मी गेले आणि फरशीवर त्याच्या शेजारी बसले, त्या दाराकडे तोंड करून. बराच वेळ मला रडू आवरेना.

"बसा," मी त्याला म्हटलं. "हवं तितकं बसा. माझीही घरात कोणी वाट बघत नाही."